नांदुरीच्या घाटात दोन जुन्या गाड्या

दिंडोरीकडचे एक द्राक्ष बागाईतदार काका आणि त्यांचा पुतण्या श्रावणातल्या एका सकाळी माझ्या गॅरेजवर आले. दोन जुन्या डिझेल गाड्यांपैकी एक निवडायची होती. काकांच्या मनात 2010 ची लोगन सेडान होती आणि पुतण्याच्या मनात 2012 ची स्कॉर्पिओ. दोन्ही नाशिकच्याच कारखान्यात तयार झालेल्या, दोन्ही एमएच-15. पुतण्याला आकडे तोंडपाठ होते. लोगनचे 1461 सीसीचे इंजिन 65 पीएसचे (पीएस म्हणजे अश्वशक्ती), तर स्कॉर्पिओचे 2179 सीसीचे एमहॉक 120 पीएसचे. “मिस्त्री, यात तुलना ती काय करायची?” शक्ती जवळजवळ दुप्पट असली तरी स्कॉर्पिओचे वजनही दीडपटीहून जास्त आहे, त्यामुळे कागदावरचा फरक चढावर बराच आटतो, हे माझे म्हणणे त्याला पटले नाही. शेवटी वणीमार्गे नांदुरीला जाऊन दोन्ही गाड्या सप्तशृंगी गडाच्या घाटात चढवायचे ठरले.

लोगनमध्ये इंजिनाचा जोर पुढच्या चाकांना मिळतो. भर पावसात एका तीव्र वळणावर एसटीमुळे थांबावे लागले, आणि पुन्हा निघताना गाडीचा भार मागे जाऊन पुढची बाजू हलकी पडली, तसे उजवे चाक ओल्या डांबरावर जागीच फिरले. क्लच अलगद सोडल्यावर ती निघाली. स्टिअरिंग पूर्ण वळवूनही कट-कट आवाज आला नाही, म्हणजे चाकांना फिरवणाऱ्या ड्राइव्ह शाफ्टचे सांधे चांगले होते. व्हॉल्व्ह आणि पिस्टनचा मेळ राखणारा पट्टा, म्हणजे टायमिंग बेल्ट, बदलल्याची नोंद मात्र कुठेच नव्हती, आणि तो तुटला तर व्हॉल्व्ह पिस्टनवर आदळून सगळे इंजिनच उघडावे लागते.

त्याच वळणावर स्कॉर्पिओ मी मुद्दाम थांबवली. तिच्यात इंजिनाचा जोर मागच्या चाकांना मिळतो आणि चढावर मागे येणारा भार नेमका त्यांच्यावरच पडतो, म्हणून ती कुरकुर न करता निघाली. पुतण्या काकांकडे पाहून हसला. पुढच्या सरळ चढावर साठच्या वेगात चौथा गिअर टाकून मी अॅक्सिलरेटर पूर्ण दाबला, तर इंजिनाच्या फेऱ्यांचा, म्हणजे आरपीएमचा, काटा दोन हजारांवरून सरसर तीन हजारांकडे गेला आणि वेगाचा काटा साठावरच राहिला. पाठोपाठ क्लच प्लेटच्या जळक्या लायनिंगचा वास. क्लच घसरत होता. आधीच्या चालकाला क्लच पेडलवर पाय ठेवून गाडी हाकण्याची सवय असावी. 290 न्यूटन-मीटर टॉर्कच्या (फिरवण्याच्या जोराच्या) इंजिनाची बरीच शक्ती चाकांपर्यंत न पोहोचता वाटेतच उष्णतेत जात होती.

माझा कौल लोगनकडे होता, बेल्ट लगेच बदलण्याच्या अटीवर. काकांनी एकच प्रश्न विचारला, “बागेतल्या चिखलातून कोणती निघेल?” त्याचे प्रामाणिक उत्तर स्कॉर्पिओ हेच होते, म्हणून क्लचचा पूर्ण खर्च किमतीतून कमी करून घेऊन त्यांनी तीच घेतली.

दोन दिवसांनी गिअरबॉक्स उतरवला, तेव्हा क्लच प्लेटचे लायनिंग रिव्हेटपर्यंत झिजलेले होते आणि ही प्लेट ज्याच्यावर दाबली जाते त्या इंजिनाच्या जड चाकावर, फ्लायव्हीलवर, गोल, चकचकीत चर पडला होता. पुतण्याने त्यावरून बोट फिरवले आणि विचारले, “हाही बदलावा लागेल का?”