येळ्ळूरच्या शिवारातला फुलटोच्या

पक्षी बघायला म्हणून आम्ही बेळगावकर निघालो की गाडीचे तोंड आपसूक पश्चिमेकडे वळते. जांबोटी, कणकुंबी, चोर्ला आणि २०११ साली अभयारण्य जाहीर झालेले भीमगड. रान मोठे, धनेशासारखे पक्षी मोठे आणि अलीकडे गर्दीही मोठी. मागच्या हिवाळ्यात मी त्याही पुढे, उत्तर कन्नडच्या हद्दीतल्या एका मुक्कामी जाऊन आलो. तिथे हिरव्या कापडाच्या आडोशाआड बसण्याचे तासावर पैसे घेतात आणि पक्षी येईना झाला की मोबाईलवर त्याचाच आवाज वाजवतात. आपल्या हद्दीत दुसरा नर घुसला असे समजून तो बिचारा चरणे सोडून भांडायला येतो आणि मग सगळे कॅमेरे एकदम कडकडतात. छायाचित्रे उत्तम आली हे मान्य. पण ती कोणाला दाखवावीशी वाटत नाहीत.

त्यापेक्षा येळ्ळूरचे शिवार बरे, या मताला मी त्या मुक्कामानंतर आलो. भाताची सुगी संपली की इथल्या काळ्या रानात मसूर, हरभरा आणि वाटाणा उभा राहतो, बांधावरच्या झुडपांत वटवट्या आणि गप्पीदास असतात आणि राजहंसगडाच्या बाजूने ऊन वर चढेपर्यंत कोणी हटकत नाही. फेब्रुवारीतल्या एका सकाळी मी अशाच एका बांधावरच्या जुन्या आंब्याखाली थांबलो, कारण त्याच्या फांद्यांवर बांडगुळाचे झुबके लगडले होते आणि त्यांतून ‘चिक् चिक्’ असा कोरडा, घाईचा आवाज येत होता. हा फिकट चोचीचा फुलटोच्या. लांबी जेमतेम ८ सेंटिमीटर, म्हणजे चिमणीच्या निम्म्याच्या आसपास. रंगही असा मातकट, की पानाआड गेला की कॅमेऱ्याला तो पान वाटतो आणि पान पक्षी वाटते.

बांडगुळाची मिटलेली नारिंगी कळी त्याने चोचीत दाबली की ती टचकन उकलते आणि पराग त्याच्या कपाळावर उडतात. त्यानंतर तो पिकलेल्या फळांकडे वळला. एक फळ त्याने गिळले, शेजारच्या फांदीवर जाऊन काही मिनिटे अंग फुगवून बसला आणि मग शेपटीकडचा भाग सालीवर घासू लागला, कारण चिकट धाग्याला लोंबणारे बी काही केल्या अंगापासून सुटत नव्हते. अखेर ते सालीला चिकटले. बांडगुळाची पेरणी होते ती अशी. कोकणातल्या बांडगुळाच्या प्रसारात फुलटोच्ये आणि शिंजीर यांचा हात किती, यावर सलीम अलींनी १९३१ मध्येच सविस्तर लिहून ठेवले आहे. परंतु लेन्समधून ते बी सालीला चिकटताना प्रत्यक्ष पाहिले तेव्हा मी बटण दाबायचेच विसरलो.

“काय बघतासा वो एवढं?” आंब्याचे मालक कोयता आणि दोर घेऊन आले होते. बांडगूळ काढायचा त्यांचा आज बेत होता, आणि त्यात त्यांचे काहीही चूक नव्हते. बांडगूळ आपल्या हिरव्या पानांत अन्न तयार करते हे खरे, पण पाणी आणि क्षार झाडाच्या फांदीतूनच ओढते आणि त्याच्या पुढची फांदी हळूहळू वाळत जाते. नुसते ओरबाडून काढले तर ते पुन्हा फुटते, म्हणून गाठीच्या खालून फांदीच छाटावी लागते. एरवी झाड तोडताना दिसले की हळहळणारा मी इथे काय बोलणार? आंबा त्यांचा, मोहोर त्यांचा आणि तोटाही त्यांचाच.

त्यांनी मात्र कोयता बाजूला ठेवला, हरभऱ्याचे दोन डहाळे उपटून माझ्या हातात दिले आणि कॅमेऱ्याच्या पडद्यावर तो पक्षी बघितला. आडोशाच्या भाड्यात असा पाहुणचार बसत नाही, हे नोंदवून ठेवतो. हाच पक्षी बांडगुळाचे बी लावत हिंडतो, असे मी सांगितल्यावर ते मोठ्याने हसले. “म्हंजे चोर ह्योच की! आणि तुम्ही त्याचा फोटो काढतासा!”

दुपारपर्यंत खालच्या फांद्या मोकळ्या झाल्या. शेंड्याकडचे झुबके तेवढे राहिले, कारण तिथली फांदी माणसाचा भार सोसणार नव्हती. फुलटोच्या तोवर शेजारच्या बांधावर गेला होता. तिथल्या आंब्याचे मालक पुण्याला असतात, त्यामुळे त्या झाडावर बांडगूळ मोहोरापेक्षा जास्त आहे आणि माझी बरी छायाचित्रे तिथलीच आहेत, तीही बहुतेक आभाळाच्या पांढऱ्या उजेडासमोर काळवंडलेली.