पाचोळा आणि पन्नी

आमच्या महाविद्यालयाच्या मागे साग, पळस, मोह आणि धावड्याचे रान आहे. तिथे दरवर्षी २ ऑक्टोबरला राष्ट्रीय सेवा योजनेचे विद्यार्थी स्वच्छता मोहीम राबवतात. त्या दिवसांत तरोटा आणि गवत कमरेपर्यंत वाढलेले असल्याने जमिनीवरची घाण दिसतच नाही. मुले वाटेकडेचे काय ते उचलतात, झाडाखालचा पाचोळा झाडून त्याचा ढीग करतात आणि तो पेटवून देतात. आपल्या बोलण्यात पाचोळाही कचऱ्यातच मोडतो, त्याचा हा परिणाम असावा. खरे तर त्याच पाचोळ्याखाली ओल टिकते आणि मोहाचे बी रुजते.

यंदा आम्ही काही जणांनी पौषातला एक रविवार निवडला, कारण तोवर गवत वाळून आडवे झालेले असते आणि सागाची बरीचशी पानगळ व्हायची असते. झाडू मुद्दामच नेले नाहीत. हातमोजे, पोती आणि टोकाला खिळा ठोकलेल्या काठ्या पुरेशा झाल्या.

संख्येने सर्वांत जास्त निघाल्या त्या खर्ऱ्याच्या, म्हणजे सुपारी-तंबाखू-चुन्याच्या घोटलेल्या मिश्रणाच्या, प्लास्टिकच्या पन्न्या. तळहाताएवढी, चुन्याने पांढुरकी झालेली, कडेला तांबूस डाग आणि रबर तसेच अडकलेले. दुपारी सावलीला बसण्याजोग्या एका पळसाच्या बुंध्याशी मी चाळीसपर्यंत मोजल्या आणि मग नाद सोडला. जुन्या पन्न्या एकमेकींना चिकटून त्यांचाही एक थर झाला होता. (तिथे बसणाऱ्यांत आम्ही कर्मचारीही आहोत, हे लिहिणे भाग आहे.) त्याखालोखाल थर्माकोलच्या पत्रावळी होत्या. महाराष्ट्रात २०१८ पासून त्यांच्यावर बंदी आहे, आणि त्या पडल्या होत्या पळसाखाली, ज्याच्या पानांच्या पत्रावळींवर आम्ही लहानपणी पंगतीत जेवलो आणि ज्या उकिरड्यावर टाकल्या की एका पावसाळ्यात माती होऊन जात.

सायंकाळपर्यंत सात पोती भरली. पुढे त्यांचे करायचे काय, याचा विचार मात्र कोणीच केला नव्हता. जाळायचे नाही, हे ठरलेलेच होते, कारण धूर विषारी आणि वाळल्या रानाला एक ठिणगी पुरते. कचऱ्याची गाडी आमच्या गावापर्यंत येत नाही. भंगारवाल्याने बाटल्यांची चार पोती आनंदाने नेली, पन्न्यांच्या पोत्यात हात घालून पाहिला आणि तो पँटला पुसत म्हणाला, "हे कोणी नाही घेत सर." ती तीन पोती अजून सायकल स्टँडच्या कोपऱ्यात उभी आहेत.