नोकरी नाही, पण रजेवर आहे

सध्या नागपुरात आहे, धंतोलीत आईकडे, आणि जर्मनीतल्या रोजगार कार्यालयाची रीतसर परवानगी घेऊन आलोय. काकांना तर्री-पोहा खाता खाता हे सांगितलं, तर त्यांचा चमचा हवेतच राहिला. "नौकरी नाही ना तुले? मंग सुट्टी कायची मांगतं बे?"

प्रश्न रास्त आहे. तिकडे नोकरी गेली की सरकार पैसे देतं, एवढं इकडे सगळ्यांना ठाऊक असतं. पण भत्ता घेणाऱ्याने कामासाठी कधीही तयार असावं लागतं, उद्या मुलाखतीला बोलावलं तर जाता आलं पाहिजे. म्हणून बाहेरगावी जायचं तर आधी विचारायचं. वर्षाला तीन आठवड्यांपर्यंत मंजुरी मिळते आणि भत्ता चालू राहतो. बेरोजगारीच्या पहिल्या तीन महिन्यांत मात्र सहसा हो म्हणत नाहीत. चुलतबहिणीच्या लग्नाचा मुहूर्त त्यानंतरचा निघाला, नाहीतर व्हिडिओ कॉलवरूनच अक्षता टाकल्या असत्या.

काकांचा दुसरा मुद्दा, फुकटचा पैसा. तर काका, पगाराच्या 2.6 टक्के रक्कम दर महिन्याला बेरोजगारी विम्यात जाते, अर्धी माझी, अर्धी कंपनीची. गेल्या 30 महिन्यांत किमान 12 महिने हप्ता गेलेला असेल तरच भत्ता मिळतो. हातात येणाऱ्या पगाराच्या साधारण 60 टक्के, मूल असेल तर 67. आपल्याकडेही ईएसआयसीची, म्हणजे कर्मचारी राज्य विमा महामंडळाची, अटल बीमित व्यक्ती कल्याण योजना 2018 मध्ये आली. त्यात 90 दिवसांपर्यंत सरासरी कमाईच्या 50 टक्के, तेही आयुष्यात एकदाच. लग्नघरी जमलेल्यांपैकी तिचं नाव एकानेही ऐकलेलं नव्हतं.

पैशांपेक्षा मला जास्त लक्षात राहिली ती रोजगार कार्यालयातल्या सल्लागार बाईंबरोबरची पहिली बैठक. त्यांनी माझी माहिती कॉम्प्युटरवर भरायला घेतली. जर्मन किती येतं, शिफ्ट चालेल का, गाडीचं लायसन्स आहे का, घरापासून किती लांब जाल? मी भाव खात म्हणालो, शहरातच बघतो. बाईंनी शांतपणे नियम सांगितला: पूर्ण वेळ नोकरीसाठी जाऊन-येऊन अडीच तासांचा प्रवास रास्त समजतात. पगाराचंही तसंच. पहिले तीन महिने जुन्या पगारापेक्षा 20 टक्क्यांपर्यंत कमी, पुढचे तीन महिने 30 टक्क्यांपर्यंत कमी पगाराची नोकरी पगाराचं कारण देऊन नाकारता येत नाही. सबळ कारणाशिवाय नाकारलीच, तर काही आठवडे भत्ता बंद. मुलीकडच्यांनी पसंती-नापसंतीची यादी काढावी आणि मध्यस्थाने ती अर्धी खोडावी, असा तो कार्यक्रम झाला.

त्यांनी सुचवलेल्या नोकऱ्या माझ्या फारशा कामाच्या नव्हत्या, हेही सांगतो. कार टेस्टिंगवाल्याला कॉम्प्युटर काय काय सुचवतो! खरा उपयोग झाला तो दुसऱ्याच गोष्टींचा. नोकरीसाठी लागणाऱ्या जर्मनच्या वर्गाची पात्रता त्यांनी काढून दिली. कोणाला नवीन कौशल्य शिकणं गरजेचं आहे असं कार्यालयाला वाटलं तर प्रशिक्षणाचं व्हाउचर मिळू शकतं. मुलाखतीच्या प्रवासाचा खर्चही मिळू शकतो, पण अर्ज तिकीट काढायच्या आधी करायचा, नंतर पावत्या दाखवून भागत नाही. आणि या काळात आरोग्य विमा चालू राहतो, ही तर परक्या देशात फार मोठी गोष्ट.

लग्नाच्या पंगतीत शेजारी मामेभाऊ बसला होता. तो म्युनिकला, ब्लू कार्डवर, म्हणजे उच्चशिक्षित परदेशी नोकरदारांना मिळणाऱ्या निवास परवान्यावर. वडाभातावर फोडणीचं तेल ओतून घेत म्हणाला, "मॅनेजरशी पटत नाही रे दादा. राजीनामा टाकतो आणि भत्त्यावर निवांत शोधतो."

"सबळ कारण नसताना स्वतःहून सोडलीस तर 12 आठवडे काही मिळत नाही. भत्त्याच्या एकूण मुदतीतलाही किमान चौथा हिस्सा कापतात."

"आणि कंपनीनेच काढलं तर?"

"तर नोटिशीतच कामाला लाग. नोकरी संपायच्या तीन महिने आधी नोंदणी करायची, आणि तेवढा वेळ हातात नसेल तर कळल्यापासून तीन दिवसांत. ब्लू कार्ड आहे ना? मग नोकरी सुटल्याचं परदेशी नागरिकांच्या कार्यालयालाही दोन आठवड्यांत कळवायचं."

त्याने खिशातून फोन काढला आणि तेलकट बोटांनीच आपल्या करारातला नोटीस पिरियड शोधायला लागला.