आधी पट्टा, मग फोटो

हॉस्पिटलात पेशंटच्या जखमांचे फोटो काढायचं ॲप आम्ही बनवतोय, आणि आजचा सगळा दिवस त्याच्या एका पडद्यात गेला. ॲप उघडल्यावर समोर आधी काय यावं, कॅमेरा की पेशंटच्या मनगटावरच्या पट्ट्याचा बारकोड?

डॉक्टर मंडळींना अर्थातच कॅमेरा हवाय. "फोटो काढू द्या हो, नाव नंतर टाकतो." हे "नंतर" मला पटत नाही. राउंड संपेपर्यंत फोनात टाचांवरच्या बेडसोरचे, म्हणजे पडून पडून झालेल्या जखमांचे, चार-पाच फोटो साठतात, आणि टाचेवरून माणूस ओळखू येत नाही. चेहरा चौकटीत घेऊ नका असं तर आपणच सांगतो. एक्स-रे, सीटीवाल्यांनी हा घोळ केव्हाच निस्तरलाय. त्यांच्या डायकॉम फाइलमध्ये, म्हणजे वैद्यकीय चित्रांच्या ठरलेल्या साच्यात, पेशंटचं नाव, नंबर आणि तपासणीची तारीख चित्रासोबतच असते. फोनच्या साध्या जेपेगला वेळ आणि जागा कळते, माणूस कळत नाही. तेव्हा बारकोड आधी. बेशुद्ध आणि बेनाव पेशंट आला तर तात्पुरता नंबर, पण नंबराशिवाय शटर उघडणार नाही.

खरी कसोटी ड्रेसिंगच्या वेळी. जखम उघडल्यावर सिस्टरचा एक हात ग्लोव्हजमध्ये गुंतलेला असतो आणि त्या हाताने फोनला शिवायचं नाही. म्हणून स्कॅन, संमती, डावा-उजवा, शरीराची जागा, सगळं पट्टी सोडण्याआधीच उरकायचं. नंतर पडद्यावर फक्त स्वच्छ हाताच्या अंगठ्याखाली येईल असं एक मोठं बटण, आणि मागच्या वेळचा फोटो पुसटसा, म्हणजे कोन तोच राहील. कागदी मोजपट्टी जखमेच्याच पातळीत हवी. वर उचलून धरली की ती कॅमेऱ्याला मोठी दिसते आणि जखम नोंदीत उगाच लहान होते.

फोनला फोटो देखणा करायची भारी हौस! त्वचा गुळगुळीत, रंग उजळ. इथे लाली किती पसरली तेच तर बघायचंय, आणि सावळ्या त्वचेवर ती मुळातच कमी उठून दिसते. ही सगळी सजावट बंद, आणि रंग ताडून बघायला चौकटीत रंगांचं कार्ड. सेल्फीचा कॅमेराही बंद, कारण काही फोन चित्र आरशासारखं उलटं साठवतात.

फोटो गॅलरीत जाणार नाही, नाहीतर तो आपोआप कुणाच्या तरी खासगी क्लाउडवर जाऊन बसायचा. सर्व्हरने पोचपावती दिली की फोनातून पुसायचा, तोवर एन्क्रिप्ट करून ठेवायचा. आमची स्पर्धा दुसऱ्या कुठल्या ॲपशी नाहीच, व्हॉट्सॲपच्या ग्रुपशी आहे. तिथल्यापेक्षा जास्त वेळ लागला तर मंडळी पुन्हा तिकडेच वळणार.

संमतीचं अजून भिजत पडलंय. उपचारांसाठी, शिकवण्यासाठी, छापण्यासाठी अशा टिक करायच्या तीन वेगळ्या चौकटी ठेवाव्यात असं माझं मत. एकच ठेवली तर सगळे न वाचता दाबतील. तीन ठेवल्या तरी पुष्कळजण न वाचताच पुढे जातील, पण निदान शेवटच्या दोन कोऱ्या राहतील.