हिडकलच्या पायथ्याशी

मे महिना सरत आला होता. हिडकल धरणाचं पाणी उतरलं की हुन्नूरचं बुडालेलं विठ्ठल मंदिर वर येतं, ते बघायचं म्हणून बेळगावहून निघाले. सोबत मामा, पाटबंधारे खात्यातून रिटायर झालेले. मंदिर डोळे भरून पाहिलं. पण परत येताना मामा म्हणाले, ''दरवाजे सगळेच बघतात गं. चल, पाझर दाखवतो.''

हिडकलचं कागदोपत्री नाव राजा लखमगौडा धरण. घटप्रभेवर, हुक्केरी तालुक्यात. 10 दरवाजे, साठा सुमारे 51 टीएमसी, 32 मेगावॅटचं वीजघर. मामा पहारेकऱ्याशी कानडीत बोलले, परवानगी मिळाली आणि आम्ही भरावाच्या पायथ्याशी उतरलो.

पाझर मोजायला चरात आडवी बसवलेली लोखंडी पाटी. मधोमध व्ही आकाराची खाच, शेजारी रंग उडालेली मोजपट्टी. खाचेतून बोटभर जाड धार पडत होती. मामांनी ओंजळीत पाणी घेऊन उन्हाकडे धरलं. तळहाताच्या रेषा स्पष्ट दिसत होत्या.

''मातीचा भराव थोडा पाझरणारच. नितळ आहे तोवर निवांत झोपायचं. धार अचानक वाढली किंवा गढूळ आली, तर आतली माती वाहून चाललीय समज. मग तास मोजायचे.''

इतकी वर्षं मला वाटायचं, धरणाचा धोक्याचा वर्ग म्हणजे धरण किती कच्चं ते. मामांनी तिथंच बसून सांगितलं, ते दोन वेगळे हिशेब. बांधकामात काय बिघडलंय, ते तपासणीत ठरतं: पहिल्या श्रेणीत धरण फुटू शकेल असे दोष, दुसऱ्या श्रेणीत तातडीनं दुरुस्त करायचे, तिसऱ्या श्रेणीत वर्षभरात उरकता येतील असे किरकोळ. 2021 च्या धरण सुरक्षा कायद्यानं पावसाळ्याआधी आणि नंतर तपासणी सक्तीची केली आहे. धोक्याचा वर्ग मात्र खाली कोण राहतं त्यावरून ठरतो. धरण कितीही भक्कम असो, खाली भरवस्ती असली की वर्ग वरचाच.

सांडव्याचं, म्हणजे जादा पाणी सोडायच्या वाटेचं, गणित आणखी निराळं. साठा 60 दशलक्ष घनमीटरच्या वर किंवा पाण्याची उंची 30 मीटरच्या वर गेली, की भारतीय मानकाप्रमाणे धरण 'मोठं'. त्याचा सांडवा त्या खोऱ्यात येऊ शकणाऱ्या मोठ्यात मोठ्या पुरासाठी आखायचा असतो. हिडकलचा साठा त्याच्या वीसपटीहून जास्त. आणि तो पूर ठरतो वर, महाराष्ट्रातल्या चंदगडच्या पावसात. नदीला कुठली आलीय सीमा!

''आणि दरवाजे?'' मी विचारलं. मामांचा चेहरा उतरला. ऑगस्ट 2024 मध्ये तुंगभद्रा धरणाचा 19 नंबरचा दरवाजा साखळी तुटून वाहून गेला, ती रात्र त्यांनी टीव्हीसमोर काढली होती.

संध्याकाळी गोकाकला मावशीकडे गेलो. ऑगस्ट 2019 च्या पुराची रेघ तिच्या भिंतीवर अजून आहे, माझ्या खांद्याएवढी. मामांनी त्या रेघेवर हात ठेवला. ''अक्का, तेव्हा आधी कुणी सांगायला आलं होतं काय?''

''आलं होतं की. गाडी फिरली, भोंगा लावून. पण सगळं कानडीत. शेजारची सून कोल्हापूरकडची, नवीनच लग्न झालेली. ती आपली भांडी घासत बसलेली. मी धावत जाऊन मराठीत सांगितलं, तेव्हा उठली बघ.''

मामांनी खिशातली वही काढली आणि ते लिहून घेतलं.