हेगमधली ती मान वर न करणारी

अ‍ॅमस्टरडॅमचे कालवे आणि सायकली यांविषयी पुष्कळांनी लिहिले आहे, म्हणून ते सारे बाजूला ठेवून मी थेट नेदरलँड्समधल्याच हेग शहरातल्या माउरित्सहाउस संग्रहालयाविषयी लिहिते. तळ्याकाठचा हा सतराव्या शतकातला वाडा आटोपशीर आहे, पण डच चित्रकार वर्मीरने रंगवलेल्या मोत्याच्या डुलाच्या मुलीसमोर इतकी रेटारेटी होती की चित्राकडे पाठ करून स्वतःचे फोटो काढणाऱ्यांचीच डोकी मला अधिक दिसली. इतक्या दुरून येऊन त्या मुलीकडे धड पाहायचेही नाही, याचा मला मनापासून राग आला.

त्याच संग्रहालयात यूडिथ लेस्टर या डच चित्रकर्तीचे 1631 मधले एक चित्र आहे. ते जेमतेम 31 सेंटीमीटर उंचीच्या लाकडी फळीवर रंगवलेले असल्यामुळे अगदी जवळ जावे लागते, आणि सुदैवाने तिथे कोणीही नव्हते. अंधाऱ्या खोलीत तेलाच्या दिव्याजवळ एक तरुणी शिवत बसली आहे. फरची टोपी घातलेला एक पुरुष तिच्या खांद्यावर हात ठेवून वाकला आहे आणि दुसऱ्या तळहातावरची नाणी तिच्यापुढे धरतो आहे. सगळा उजेड तिच्या पांढऱ्या पोलक्यावर आणि कपाळावर पडला आहे, तर त्या पुरुषाची भली मोठी सावली मागच्या भिंतीवर पसरली आहे. तिच्या पायाखाली निखारे घातलेली पेटी आहे. हिवाळ्यात डच घरांत अशा पेटीवर पाय शेकत असत. मी पुन्हा पुन्हा पाहिला तो तिचा चेहरा. त्यावर ना भीती आहे, ना लाज. तिचे सगळे लक्ष टाक्यावर आहे. पैसे पुढे करणारा पुरुष आणि हसून प्रतिसाद देणारी स्त्री हा त्या काळच्या डच चित्रांतला नेहमीचा विषय होता, आणि विशीतल्या या चित्रकर्तीने त्यातले ते हसूच काढून टाकले, हे मला फार धाडसाचे वाटते.

काही अभ्यासकांच्या मते हा पुरुष रीतसर मागणी घालायला आला असावा. मला ते मुळीच पटत नाही, कारण मागणी घालणारा माणूस असा रात्रीच्या वेळी पाठीशी येऊन नाणी दाखवणार नाही.

लेस्टर 1633 मध्ये हारलेम या डच शहरातल्या चित्रकार संघाची सदस्य झाली होती, स्वतःचे शिष्य शिकवत होती. तरीही मृत्यूनंतर तिचे नाव विस्मृतीत गेले आणि तिची चित्रे इतरांच्या, विशेषतः तिच्याच काळातल्या फ्रान्स हाल्स या चित्रकाराच्या, नावावर खपत राहिली. अशाच एका चित्रावर आद्याक्षरे आणि चांदणी अशी तिची खूण 1893 मध्ये ओळखली गेली, तेव्हा कुठे तिची चित्रे एकेक करून तिच्या नावावर परत येऊ लागली. हे वाचून मी पुन्हा त्या फळीपाशी गेले आणि संग्रहालय बंद व्हायची सूचना होईपर्यंत तिथेच थांबले. वर्मीरच्या दालनात मात्र परतले नाही.