मृगानंतरचे पंधरा दिवस

१६ जून, काटोल

काल रात्री पहिला मनासारखा पाऊस झाला. आता चाऱ्याची चिंता मिटली, असे सांगणारे फोन सकाळपासून नागपूरहून येत आहेत. माझा हिशेब मात्र उलटा आहे: नवतपात, म्हणजे मेअखेरच्या कडक उन्हाच्या नऊ दिवसांत, पारा ४५ अंशांवर असताना शेळ्यांची जेवढी काळजी वाटत नाही, तेवढी या पंधरवड्यात वाटते. उन्हाळ्यातले खाणे थोडे असले तरी ठरलेले असते. तुरीचे आणि हरभऱ्याचे कुटार म्हणजे भुसा, बाभळीच्या वाळून पडलेल्या शेंगा, दुपारी कडुनिंबाची सावली. शेळ्या रोडावतात, पण तग धरतात. धुऱ्यावर, म्हणजे शेताच्या बांधावर, हिरवे फुटले की मात्र त्या त्यावर तुटून पडतात, आणि कोरड्या चाऱ्याला सरावलेल्या पोटाला एवढा बदल एकदम सोसत नाही. आतड्यात एरवी गुमान राहणारे जिवाणू अशा वेळी झपाट्याने वाढून विष तयार करतात. हाच आंत्रविषार. संध्याकाळी उड्या मारणारे करडू सकाळी मेलेले सापडते, आणि तेही बहुधा कळपातले सर्वांत धष्टपुष्ट. हे ज्याने पाहिले नाही त्याला पटत नाही. लस मे महिन्यातच टोचून घेतली आहे, पण लसीच्या भरवशावर कळप मोकळा सोडावा असे मला वाटत नाही.

म्हणून आज आधी गव्हाणीत कुटार टाकले, ऊन चढून गवत सुकल्यावर दार उघडले आणि तासाभरात सगळ्यांना परत आणले. उशिरा सोडण्याचे दुसरे कारण जंत. त्यांच्या अळ्या ओल्या पात्यांवर चढून बसतात. आत घेताना एकेकीची खालची पापणी अंगठ्याने ओढून पाहिली. आत सध्या चांगली लाली आहे. श्रावणात ती फिकी पडू लागली, की जंताने रक्त शोषल्याचे कळते आणि औषध पाजावे लागते. गवळाऊ गाईंचे घटसर्प आणि फऱ्याचे लसीकरण झाले आहे, त्यांची एवढी कटकट नसते.

हीच हिरवळ अंगी लागली की शेळ्या माजावर येतात. आता गाभण राहिलेली शेळी पाच महिन्यांनी, म्हणजे नोव्हेंबर-डिसेंबरात विते. तेव्हा थंडीमुळे करडांना रात्री गोणपाटाचा आडोसा लागतो, पण जंत आणि चिखल नसल्याने ती चांगली वाढतात. विक्रीचे गणित मात्र या चक्रात बसत नाही. बकरी ईद दरवर्षी सुमारे ११ दिवस अलीकडे सरकते आणि गिऱ्हाइकाला वर्ष पूर्ण झालेला बोकड हवा असतो, त्यामुळे कोणता बोकड किती महिने सांभाळायचा हे दरवर्षी नव्याने ठरवावे लागते.

चराईला जागा फारशी नाही. चहूकडे संत्र्याच्या बागा आहेत, आणि बागेत शेळी शिरली की शेजारधर्म संपलाच. शेजारच्या काकांच्या पडीक वावरात कुसळी गवत उत्तम येते, पण कुसळे धरल्यावर ती जनावरांच्या तोंडात आणि कातडीत रुततात, म्हणून ते फुलोऱ्यातच कापले पाहिजे. काका दिवाळीनंतर सवडीने कापू म्हणतात, मी दसऱ्याआधी म्हणतो. यंदा पेरणीच्या गडबडीत ते अडकण्यापूर्वीच, उद्या संध्याकाळी जाऊन, हा विषय काढायचा आहे.